प्रमिलावयनी चाखत नसत

प्रमिलावयनी शिगवण स्वयंपाक करताना काही चाखत नसत. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, मान कलती करून क्षणभर विचार करायचा आणि मग चिमूटभर मीठ घालायचं, हे मी माझ्या आईपासून सगळ्याच बायकांना करताना पाहत आले होते. वयनींचं तसं नव्हतं. पातेलं उतरवलं की त्या वर झाकण ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता ज्याचं त्यानं बगावं." पहिल्यांदा मला वाटलं, देवाला नैवेद्य दाखवायचा असेल. पण देवाची दूधसाखर सकाळीच दाखवून झालेली असायची. मग वाटलं, हा स्वतःच्या हातावरचा भरवसा असेल, थोडासा ताठाच म्हणा ना. त्यांच्या हातचं कालवण खाल्लेल्या कोणालाही तो ताठा माफ करावासा वाटला असता. खरं कारण मला वर्षभराने कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझ्या मुठीत त्यांचं मनगट होतं.

मी बार्शीकडची. कोरोनाची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षी अलोऱ्याच्या बाजूला हायस्कुलात नेमणूक झाली आणि वीज प्रकल्पाच्या जुन्या वसाहतीत मला दोन खोल्या राहायला मिळाल्या. वसाहतीतली बरीच घरं कुलपात, अंगणात गुडघ्याएवढं गवत. माझी आणि शिगवणांची भिंत मात्र एकच होती. संध्याकाळी साडेसहाला त्या भिंतीपलीकडून विळीवर नारळ खोवल्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र, मध्ये जरा थांबून पुन्हा खर्र. थोड्या वेळाने पाट्यावर वरवंटा फिरायला लागायचा. माझ्या घरात भिंतीवरचं घड्याळ कितीतरी महिने बंद होतं, पण संध्याकाळ चुकायची नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दार वाजलं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी वाटी घेऊन उभी होती. "आईने दिलंय. काळ्या वाटाण्याचं कालवण आहे. भात लावलाय ना तुम्ही?" ही स्नेहल, वयनींची लेक. मी भाकरी केली होती. आमच्याकडे आमटीला घट्टपणा शेंगदाण्याच्या कुटाने येतो आणि खोबरं म्हणजे सुकं, काळ्या मसाल्यातलं. ते कालवण मी भाकरीशीच खाल्लं, पण दोन घासांनंतर भाकरी बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली. तिखट होतं, तरी आधी गोडवाच कळत होता. भाजलेल्या खोबऱ्याचा तो करपायच्या अलीकडचा वास, मागून कांदा, आणि सगळ्यांच्या शेवटी आमसुलाचा आंबट धागा. शाळेतून थकून आलेल्या, एकट्या बाईसाठी मंगळवारी कोणी असं काही रांधावं, याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं की माझ्यासाठी वेगळं काही नव्हतंच. त्या घरात रोजचं जेवणच असं होतं.

रिकामी वाटी परत करू नये म्हणून मी तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरून घेऊन गेले. वयनींनी चिमूटभर चटणी बोटांत चुरली, उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "तेल छान सुटलंय हो बाई." चटणी हातात आली की माणूस आधी ती नाकाशी नेतो. त्यांनी नेली नव्हती. पण हे मला तेव्हा दिसूनही दिसलं नाही.

घरात माणसं चार. वयनींचे यजमान दिनकरभाऊ पोफळीच्या जमिनीखालच्या पॉवरहाऊसमध्ये फिटर. डोंगराच्या पोटात दिवसभर यंत्रांच्या घरघरीत काम केलेला माणूस, घरी आला की त्याला बोलायचा कंटाळा यायचा. जेवण कसं झालंय विचारलं तर ठरलेलं उत्तर, "बरं हाय." स्नेहल चिपळूणच्या कॉलेजात रोज एसटीने जायची. आणि भाऊंचे वडील आबा. ऐंशी ओलांडलेले, ताठ कण्याचे, आयुष्यभर गावाकडे भातशेती केलेले. साथीत स्नेहलच्या आजी गेल्या आणि भाऊ त्यांना कायमचे अलोऱ्याला घेऊन आले. आबा दुपारी नावापुरतं जेवायचे. संध्याकाळी मात्र भाताच्या मधोमध अंगठ्याने खळगा करायचे आणि वयनी त्यात कालवण ओतेपर्यंत ताटावरची नजर हलवायचे नाहीत.

मला ते कालवण शिकायचं होतं. वयनींनी आढेवेढे न घेता शिकवायला घेतलं, पण शिकवायची रीत अजब होती. मी कढईत खोबरं परतत होते आणि त्या पाठमोऱ्या उभ्या राहून कांदा चिरत होत्या.

"किती लाल करू?" मी विचारलं.

"लाल बगू नका, ऐका," त्या म्हणाल्या. "आदी चुरचुरतं. मंग गप होतं. मंग वाळू सरकल्यासारखं सळसळतं. सळसळलं का गॅस बंद."

मी कान दिला. खरोखर तसंच झालं. गॅस बंद करून पाहिलं तर कढईत बदामी रंगाचं खोबरं होतं, एक कणही काळा नाही. वयनींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. वाटण पाट्यावर कधी झालं ते त्यांना वरवंट्याच्या आवाजावरून कळायचं. "मिक्सर बडबड्या हाय, त्याच्यातनं काय ऐकाय येत नाय," असं त्या म्हणायच्या. आणि वाटण घातल्यावर त्या गॅस इतका बारीक करायच्या की मला वाटायचं, बंदच झाला. "कालवन उकळू नये. त्याला नुसतं जागं ठेवावं." हे वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं असेल.

त्या जागं ठेवण्यापायीच तो दिवस आला. थंडीचे दिवस होते, बाहेर वारा सुटला होता. मी शाळेतून येताना वयनींसाठी कोथिंबिरीची जुडी आणली होती. त्यांच्या दारात पाऊल ठेवलं आणि गॅसचा वास नाकात घुसला. आत वयनी ओट्यापाशी उभ्या होत्या. खिडकीतल्या वाऱ्याने बारीक ज्योत विझली होती, बटण चालूच होतं, आणि ज्योत विझलेली पाहून त्यांनी लायटर उचलला होता.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. बटण बंद केलं, खिडकी पूर्ण उघडली, मागचं दार उघडलं. वयनी गोंधळून माझ्याकडे पाहत होत्या.

"काय झालं बाई?"

"गॅस भरलाय घरात. वास येत नाही का तुम्हाला? मला दारात आला."

त्यांनी हातातल्या लायटरकडे पाहिलं. तो अगदी हळू, काच असावी तसा, ओट्यावर ठेवला.

"नाय येत," त्या म्हणाल्या. "कश्याचाच येत नाय. दोन वर्सं झाली."

आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. आत वारा खेळत होता. वयनी बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. साथीत घरातली सगळी एकदम आजारी पडली. सासूबाई गेल्या. वयनी बऱ्या झाल्या, पण वास आणि चव गेली ती आलीच नाही. "जिभेवर वली माती ठेवल्यागत वाटतं. मीठ नि साखर डोळ्यांनी वळखायची." डोकं दुखतं असं घरी सांगून त्या एकदा चिपळूणला डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कोणाची चव परत येते, कोणाची येत नाही. थांबून बघा.

"पण घरी का नाही सांगितलं?"

वयनींनी कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेतली आणि एकेक पिवळं पान खुडायला लागल्या. "आये गेल्या तवा आबांनी जेवान टाकलं व्हतं. दिसाला कपभर पेज, ती पन मी गयावया केल्यावर. दिवस-कार्य झालं, त्यानंतर एकदा मी कालवन केलं. काय झालंय, कसं झालंय, मना काय कळायला मार्ग नव्हता. आबा बसले, एक घास घेतला. मंग दुसऱ्यांदा भात मागितला. म्हनाले, सगळं गेलं पोरी, पन ह्या घरातली चव तेवढी ऱ्हायली." त्यांनी आणखी एक पान खुडलं. "आता तुमीच सांगा, त्यास्नी कसं सांगू, का रांधनारीलाच चव नाय? रोज घास उचलताना शंका येनार. शंकेनं जेवलं तर मानसाचं पोट भरत नाय."

दोन वर्षं, रोज संध्याकाळी, ही बाई चार माणसांसाठी कालवण करत होती आणि त्यातला एक थेंबही तिला कळत नव्हता. गेल्या वर्षभर मीही ते खात होते, आणि माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं काही खाल्ल्याचं मला आठवत नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. गॅसचा धोका असा ठेवता येणार नव्हता. मी भाऊंना सांगितलं की माझ्याकडे गॅस गळला होता, गॅस सुटला की ओरडणारी एक डबी मिळते, ती मी आणणार आहे, तुम्हीही घ्या. फिटर माणूस, त्यांना ही कल्पना आवडली. रविवारी त्यांनी दोन डब्या आणल्या आणि दोन्ही घरांत बसवून दिल्या. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं, पण रात्री झोप लागली.

त्यानंतर मी संध्याकाळी वयनींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले. कारण आता मला दिसत होतं. नारळ फोडला की त्या पाण्याचे दोन थेंब चिमटीत घेऊन बोटं उघडमीट करायच्या. पाणी चिकट लागलं, तार आली, की तो नारळ बाजूला. खोबरं खवट आहे का ते अंगठ्याच्या नखाने कळायचं, कारण चांगलं खोबरं नखाखाली कडक असतं आणि बिघडलेलं बुळबुळीत. मीठ डाव्या तळहाताच्या खळग्यात, चार माणसांना अमुक रेषेपर्यंत, पाचवं माणूस असेल तर पुढच्या रेषेपर्यंत. पाणी नेहमी त्याच तांब्याने. मासळी घ्यायची तर कल्ला उचलून, डोळा पाहून, पोट दाबून. कालवण जागं आहे की उकळायला लागलंय ते पातेल्याच्या कडेला येणाऱ्या बारीक बुडबुड्यांवरून. आणि एवढं सगळं झाल्यावर खरी परीक्षा ताटापाशी. त्या स्वतः उशिरा जेवायला बसायच्या, म्हणजे इतरांना पाहता येईल.

"आबा दोन भांडी पानी प्यायले का मीठ जास्त," त्यांनी मला सांगितलं. "स्नेहलनं नाक वढलं का तिखट जास्त. हे काय बोलत नायत, पन आंबट कमी असलं का लोनच्याची बरनी जवळ घेतात. दुसऱ्या दिवशी मी तेवढं बदलते."

"मी चाखून सांगत जाऊ का? मी आहेच की इथे."

"नको," त्या लगेच म्हणाल्या. "तुमी सांगाय लागलात का माझा हात तुमची वाट बगनार. उद्या तुमची बदली झाली म्हंजे?"

मी वर्गात मुलांना एकाग्रता वगैरे शब्द शिकवत असते. तो शब्द प्रत्यक्षात कसा दिसतो हे मी त्या ओट्यापाशी पाहिलं. वयनी सातवीपर्यंत शिकलेल्या. पण माणसाने एक दार बंद झाल्यावर घराला इतक्या खिडक्या पाडाव्यात, आणि त्या पाडल्याचा गाजावाजाही करू नये, हे मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही.

असे काही महिने गेले. मग एका संध्याकाळी मी गेले तर वयनी विळीवर नुसत्याच बसल्या होत्या. अर्धा नारळ हातात, ताटात थोडंसं खोवलेलं खोबरं.

"बाई," त्या म्हणाल्या, "काल मना खोबऱ्याची चव आठवेना."

मला नीट कळलं नाही.

"तोंडात चव नाय ते मी सोडून दिलं व्हतं. पन डोक्यात व्हती. वाटन घातलं का मी आठवायची, आता असं लागत आसंल, आता तसं. त्या आठवनीवर रांधत आले. काल आठवाय गेले तर काय नाय. सगळं पांढरं." त्यांनी ताटातल्या खोबऱ्यावरून हात फिरवला. "ते पन गेलं तर मी कश्यावर रांधू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गॅसच्या दिवशीसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, "वयनी, आता घरच्यांना सांगा." त्यांनी नारळ पुन्हा विळीला लावला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारीच स्नेहल निरोप घेऊन आली, "आई म्हणाली, आज जेवायला आमच्यात या."

त्या दिवशी वालाच्या बिरड्यांचं कालवण होतं. सगळे जमिनीवर ताटं घेऊन बसलो. वयनी नेहमीसारख्या उशिरा बसल्या नाहीत. वाढून झाल्यावर माझ्या शेजारी बसल्या, आणि पहिला घास कोणी घ्यायच्या आत म्हणाल्या, "एक सांगायचं व्हतं. मना चव कळत नाय. वास पन येत नाय. आये गेल्या तवापासनं."

भिंतीवरच्या डबीचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता. स्नेहलचा चेहरा आधी पडला. "आई, मी रोज भांडत होते तुझ्याशी. मीठ कमी, तिखट जास्त." भाऊंनी भातात घातलेला हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने ते उठले, मोरीत हात धुतला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. ताटात शीत न टाकणारा माणूस, भरलेलं ताट ठेवून गेला. वयनींनी त्यांना हाक मारली नाही. त्या आबांकडे पाहत होत्या.

आबा ताटाकडे पाहत बसले होते. मग त्यांनी भातात अंगठ्याने खळगा केला, कालवण ओढून घेतलं, घास केला आणि डोळे मिटून तो बराच वेळ चावला.

"वाल जरा कडू हायत," ते म्हणाले. "कडूपना आदी येतो. मंग खोबरं येतं नि त्याच्यावर पांघरून घालतं. गूळ सगळ्यात शेवटाला." त्यांनी डोळे उघडले. "गूळ नखभर जास्त झालाय."

"जास्त झालाय?" वयनींनी विचारलं.

"नखभर."

वयनींनी मान हलवली, वर्गातली मुलगी फळ्यावरचं उतरवून घेताना हलवते तशी. आबांनी दुसरा घास घेतला आणि पुन्हा सांगायला लागले. ते भिंगातून पाहावं तसं एकेक सांगत होते आणि वयनी एकही शब्द सुटू देत नव्हत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "थांबा. आठवलं." आणि पदर तोंडाशी धरून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. शंकेने जेवतील म्हणून ज्यांच्यापासून दोन-अडीच वर्षं लपवलं, त्या आबांनी त्या दिवशी तीनदा भात घेतला.

भाऊ परत आले तेव्हा आम्ही ताटं उचलत होतो. त्यांनी आपलं गार झालेलं ताट घेतलं आणि कोपऱ्यात बसून सगळं संपवलं. त्यानंतर रजेच्या दिवशी नारळ खोवायला तेच बसायला लागले. बोलले मात्र काहीच नाहीत.

आणि रोज संध्याकाळी त्या घरात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. जेवताना कोणीतरी वयनींना कालवण सांगायचं. स्नेहल सांगायची ते बहुतेक असं, "आई, आज एकदम भारी." वयनी सोडायच्या नाहीत. "भारी म्हंजे काय? खोबरं पुढं हाय का मिरची? घशाशी लागतं का जिभेवर? नीट सांग." मग स्नेहलला थांबून, चावून, विचार करून सांगावं लागायचं. "तू शिकवायच्या आधी मी नुसतंच गिळत होते," असं ती एकदा आईला म्हणाली. मी जेवायला असले की माझीही पाळी यायची. भाषा शिकवणारी बाई असून मला दुसऱ्या वाक्यानंतर शब्द सापडायचे नाहीत. आबांना मात्र कधी कमी पडले नाहीत. "आजचं खोबरं दुपारच्या उन्हातल्या अंगनासारखं कोमट हाय," ते म्हणायचे. किंवा, "आज आंबट असं येतं, जसा कुनी मागनं येऊन खांद्यावर हात ठेवावा." वयनी ऐकायच्या, दुसऱ्या दिवशी तेवढं बदलायच्या, आणि कधीमधी हळूच म्हणायच्या, "आठवलं." चव काही परत आली नाही. मी आता खेडच्या शाळेत आहे, परवाच फोन झाला, अजूनही आलेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात आबा थकले. आधी चालणं कमी झालं, मग बसणं. जेवण पुन्हा पेजेवर आलं. पण संध्याकाळी वयनी चमचाभर कालवण पातळ करून, गाळून त्यांच्या तोंडात घालायच्या, आणि आबा डोळे मिटून सांगायचे. वाक्यं लहान होत गेली. "मिरची बरी." "कांदा करपलाय थोडा." एका बुधवारी मी तिथेच बसले होते. वयनींनी चमचा ओठांशी नेला. आबांनी तो घोट बराच वेळ तोंडात ठेवला. मग गिळला, आणि म्हणाले, "मीठ बरोबर." वयनींनी त्यांचं तोंड पुसलं. जरा वेळाने आबांनी पुन्हा ओठ हलवले. "तू जेव आता." शुक्रवारी सकाळी आबा गेले. झोपेतच गेले असं म्हणतात, पण वयनी म्हणाल्या की त्या शेजारीच होत्या आणि ते जागे होते.

पंधरा-सोळा दिवस भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. गावाकडचं कार्य आटोपून घरची मंडळी परतली होती, पण शेजारपाजारचे डबे जात होते आणि त्यावरच त्यांचं चाललं होतं. एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते आणि विळीचा आवाज आला. मी वह्या तशाच टाकून गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण वयनींनी माझंही ताट घेतलेलं होतं.

काळ्या वाटाण्याचं कालवण होतं. वाढून झालं. कोणी जेवायला सुरुवात करेना. मग स्नेहलने एक घास घेतला आणि सांगायला तोंड उघडलं, पण ते तसंच मिटून ती ताटात पाहत राहिली. मलाही सुचेना. आबांसारखं कोणाला सांगता येणार होतं? वयनींनी कोणालाच काही विचारलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या भाताकडे हात नेला.

तेवढ्यात भाऊंनी घसा खाकरला.

"खोबरं पैलं येतं," ते म्हणाले. आवाज जड, एकसुरी, पाळीवरच्या माणसाला यंत्राचे आकडे वाचून दाखवावेत तसा. "मंग दोन-तीन सेकंद काय नाय. मंग मिरची. जिभेवर नाय, हितं, घशाशी." त्यांनी गळ्याला बोट लावून दाखवलं. "कांदा मागं हाय. वाटाना मऊ हाय, पन फुटलेला नाय." ते थांबले, अजून एक घास घेतला, सावकाश चावला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आंबट कमी. आमसुलं किती घातलीस?"

"दोन," वयनी म्हणाल्या. त्यांचा हात भातात तसाच थांबला होता.

"तीन पायजेत."

"मंग उद्या तीन घालते."

"घाल," भाऊ म्हणाले आणि भात कालवायला लागले. "उद्या परत सांगतो."